सगुणाआत्याची आतली खोली

उद्या शाळेची सहल आंबेमळ्याच्या संग्रहालयात जाणार, असं मघाशी जेवताना सृष्टी म्हणाली. मी तेव्हा गप्प बसलो. तोंडात घास असताना असलं काही काढू नये. आता लाइट गेलेत, लवकर काही यायचे नाहीत. राज, तो मोबाइल उपडा ठेव. मला अंधारातच नीट आठवतं.

हे माझ्यावर बेतलेलं नाही, आधीच सांगतो. बहिरूवर बेतलेलं. बहिरू विधाते. सातपूरला एकाच कारखान्यात, एकाच पाळीत आमचं अर्धं आयुष्य गेलं. त्याच्या डब्यातली भाजी मी खायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं त्यानं, असा आमचा घरोबा. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणजे... एकाच माणसाशी बोलला. त्याचीच ही हकीकत.

मखमलाबाद सोडून कालव्याच्या कडेनं पुढं गेलं की आंबेमळा लागतो. लहानशी वस्ती. सगळी माळ्यांची घरं. झेंडू, शेवंती, गुलाब, मधेमधे द्राक्षाचे मांडव. वस्तीच्या अगदी टोकाला एक बसकं कौलारू घर आहे. पुढं ओटी, ओटीला लागून एक खोली आणि तिच्या पोटात आणखी एक खोली. बास. त्याला सगळे 'माळ्याची बंगली' म्हणायचे. इंग्रजांच्या वेळी तिथं कोण्या साहेबाची गुलाबाची बाग होती म्हणे. बागेच्या माळ्याला राहायला त्यानं ते घर बांधून दिलं. साहेब गेला, बाग गेली. माळ्याचा वंश तेवढा राहिला आणि त्या वंशातली शेवटची सून म्हणजे सगुणाबाई. सारी वस्ती तिला सगुणाआत्या म्हणायची.

नवरा ऐन उमेदीत गेलेला. मूलबाळ नाही. बाई काटक. पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेऊन फूलबाजार गाठायची आणि ऊन चढायच्या आत परत. कोणी विचारलं, "आत्या, एकटीला भ्या नाय वाटत?" तर हसायची. म्हणायची, "एकटी कुठं? घर हाय की संगं."

बहिरूची आई दिवसभर मळ्यात राबायची, त्यामुळं बहिरू लहानाचा मोठा झाला तो आत्याच्या ओटीवर. तिच्याच चुलीपुढं बसून जेवला, तिच्याच मांडीवर झोपला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते परक्याच्या हातून झालं असतं तर एवढं लागलं नसतं.

बहिरूला जुन्या वस्तूंचं वेड. कोणाची अडगळीत पडलेली मोट आण, कोणाचं तांब्याचं घंगाळ आण, कोणाची धान्य मोजायची पायली. एकदा कालव्याच्या भरावात एक वीरगळ निघाला. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा करतात तो कोरीव दगड. ह्यानं तो बैलगाडीत घालून घरी आणला. त्याची बायको कुसाबाई म्हणाली, "आता घरात माणसं ठिवायची का धोंडे, ते तुमीच ठरवा."

मग वस्तीतल्या मंडळानं ठरवलं, आपण एक संग्रहालय काढू. आपल्या वस्तीचा इतिहास, आपल्या वाडवडलांच्या वस्तू. सिंहस्थ जवळ आला होता, नाशकात माणूस लोटणार होता. जागा कुठली? तर सगळ्यांची नजर गेली बंगलीवर. एवढं जुनं घर दुसरं नव्हतंच.

दुसऱ्या कोणाला आत्यानं दारातून परत पाठवलं असतं. म्हणून बहिरू गेला. संध्याकाळी ओटीवर जाऊन बसला.

"आत्या, घर गावाचं होईल. तुझ्या सासऱ्याचं नाव राहील."

"आन् मी रं?"

"तू हितंच. पुढली खोली तेवढी आमाला दे. आतली तुझी. तू हायेस तवर तिथं कोणी पाऊल टाकायचं नाय. माझा शब्द."

आत्यानं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुझा शब्द हाय ना? मग घे."

झालं. पुढल्या खोलीत वस्तू मांडायला सुरुवात झाली. आणि मंडळातली माणसं कुरकुरायला लागली. एका खोलीत मांडून मांडणार काय? पाहुणे बघत असताना बाई आत चूल पेटवणार, धूर करणार, खोकणार. बरं दिसतं का? बहिरू भांडला. पहिले थोडे दिवस भांडला. मग गप्प झाला.

का गप्प झाला, ते त्यानं मला स्वतः सांगितलं. म्हणाला, "भिमाजी, लोकांनी रेटलं म्हणून नाही केलं मी. मलाच ती खोली दिसायला लागली. चुलीला गेरू दिलेला, जात्यापुढं पाटी, भांडी ओळीनं लावलेली, पुढं दोरी. जुन्या काळचं स्वयंपाकघर. रात्री डोळे मिटले तरी दिसायचं. इतकं छान दिसायचं रे... आणि त्यात आत्या कुठंच नसायची."

तर दिवाळी झाल्यावर तो आत्याकडं गेला. म्हणाला, फरशी घालायची आहे, लाइटचं काम करायचं आहे, सगळीकडं धूळ उडणार. तोवर तू रविराजकडं राहा. रविराज म्हणजे तिच्या भावाचा मुलगा, सातपूरला असायचा, चांगला मुलगा. "आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. मी स्वतः न्यायला येतो."

आत्यानं एक गाठोडं बांधलं. बहिरूच्या एमएटी गाडीवर मागं बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. वस्ती सोडताना तिनं मागं वळून बघितलं नाही. पंधरा दिवसांसाठी कोण वळून बघतं?

पंधरा दिवस गेले. महिना गेला. संक्रांतीला बहिरू तिळगूळ घेऊन सातपूरला गेला. रविराजचं घर तिसऱ्या मजल्यावर. आत्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी बसलेली. त्याला बघून तिचा चेहरा असा फुलला म्हणे.

"झालं का रं काम?"

"होत आलंय, आत्या. थोडंच राह्यलंय."

काम कधीच झालं होतं. चुलीला गेरू देऊन झाला होता. दोरी बांधून झाली होती. 'हात लावू नये' अशी पाटीसुद्धा रंगवून टांगली होती.

"माझी भांडी नीट हायेत ना?"

"एकदम नीट," बहिरू म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

त्यानंतर तो गेला नाही. कारखान्यात रोज सातपूरलाच जायचा. रस्ता रविराजच्या बिल्डिंगवरून. ह्यानं रस्ता बदलला. मी विचारलं, अरे इकडून लांब पडतं. तर म्हणे, तिकडं खड्डे फार.

जून महिन्यात आत्या वारली. सातपूरलाच. झोपेत. आम्ही दोघं स्मशानात गेलो. सगळं आवरल्यावर रविराज बहिरूजवळ आला. आवाजात राग नव्हता. तोच तर त्रास. राग असता तर बरं.

"बहिरूदादा, गाठोडं शेवटपर्यंत सोडलं नाही आत्यानं. एक लुगडं नेसायची, बाकीचं बांधलेलंच. खाली कोणाचीही गाडी वाजली की उठून बसायची. म्हणायची, बहिरू आला वाटतं." मग म्हणाला, "तुम्ही येणार होता का?"



काय गं सृष्टी? भीती वाटते? अजून काहीच झालं नाही. हे सगळं दिवसाउजेडी झालेलं सांगतोय मी. जवळ सरक पाहिजे तर.

उद्घाटन ठरलं पंधरा ऑगस्टला. झेंडावंदन आणि लगेच संग्रहालय. तेव्हा ती रात्र म्हणजे चौदा ऑगस्ट, दोन हजार तीन, गुरुवारची. अमावस्या वगैरे काही नव्हती. उलट पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले. पण आभाळ गच्च, चंद्राचा पत्ता नाही.

बहिरूचं काम साधं होतं. सकाळच्या तोरणांसाठी झेंडू नेऊन ठेवायचा, सतरंज्या झटकायच्या आणि राखणीला तिथंच झोपायचं. सिंहस्थामुळं रस्त्यावर परकी माणसं फार. तपोवनाकडं जाणारे वाट चुकून कुठंही भटकायचे.

कुसाबाई म्हणाली, "दुसऱ्या कोणाला पाठवा की. तुमी नका जाऊ तिथं राती."

"चावी माझ्याकडं हाय," एवढंच म्हणाला आणि निघाला.

फुलं ओटीवर ओतली. वर ओलं फडकं टाकलं. आत येऊन दार लावलं. पुढल्या खोलीत सतरंजी टाकली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, तिथली चूल दिसत होती. त्यानं उठून ते दार ओढून घेतलं. मग पडला.

रात्र चढली तसा पाऊस सुरू झाला. आधी रिपरिप, मग जोराचा. लाइट गेले. आणि आतल्या खोलीतून आवाज यायला लागला.

टप... टप... टप...

गळत होतं. फरशी नवी घातली, भिंती रंगवल्या, पण कौलांकडं कोणी बघितलंच नव्हतं. बहिरूला वाटलं, उठावं, खाली एखादं भांडं ठेवावं. पण आतलं प्रत्येक भांडं तिचं. तो तसाच पडून राहिला.

डोळा लागला असेल नसेल. बाहेरून आवाज आला.

"कोणी हाय का घरात?"

बाईचा आवाज. म्हातारा, दमलेला.

"कोण?"

"वाटसरू हाय जी. लांबून चालत आले."

त्यानं बॅटरी घेतली, दार उघडलं. ओटीच्या कडेला एक म्हातारी उभी. पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. काखेत गाठोडं. सिंहस्थाची माणसं सगळी अशीच, प्रत्येकीच्या काखेत गाठोडं. त्याला काही वावगं वाटलं नाही.

"मावशी, तपोवन तिकडं मागं राहिलं. वाट चुकलात तुम्ही."

"नाय जी. वाट नाय चुकले. ह्ये काय हाय हितं?"

"संग्रहालय आहे. जुन्या वस्तू ठेवल्यात, लोकांनी बघाव्यात म्हणून."

"मला दाखवा की मंग."

"उद्या उघडणार आहे. सकाळी या."

"उद्या लय मोठी माणसं येतील. त्यांच्यात मला कोण येऊ देईल?"

पाऊस कोसळत होता. म्हातारं माणूस दारात उभं. बहिरूला नाही म्हणवलं नाही. "या आत," म्हणाला.

ती आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आली. जुनी माणसं करतात तसं.

बहिरू बॅटरीचा उजेड एकेका वस्तूवर टाकत गेला. ती प्रत्येकीपुढं थांबायची.

"हितं काय लिव्हलंय? मला वाचता येत नाय. सांगा की."

"मोट. विहिरीचं पाणी काढायचं साधन."

"कोणाची?"

"आमच्या चुलत्याची."

"त्यांनी दिली?"

"हो. स्वतः आणून दिली."

"बरं केलं. आन् ह्ये?"

असं चाललं होतं. घंगाळ झालं, पायली झाली, वीरगळ झाला. वीरगळापुढं ती जरा जास्त थांबली. म्हणाली, "मेल्यावर ह्याला दगूड तरी मिळाला."

बहिरू म्हणायचा, तिथं पहिल्यांदा त्याच्या पाठीतून काहीतरी गेलं. पण त्यानं मनाला समजावलं. म्हातारं माणूस आहे, बोलतं काहीबाही.

मग ती मधल्या दारापुढं आली.

"आत काय हाय?"

"आत... काही नाही. स्वयंपाकघर आहे."

"सैपाकघर हाय, तर काही नाय कसं?"

बहिरूनं दार ढकललं.

टप... टप... पाणी सगळ्या खोलीत पसरलेलं. उजेडात चमकलं. चूल. जातं. ओळीनं भांडी. आणि पुढं दोरी.

ती दोरीपाशी थांबली. पलीकडं गेली नाही.

"ही दोरी कशाला बांधली?"

"लोकांनी आत जाऊ नये म्हणून."

"घरच्यांनी बी?"

बहिरूनं उजेड चुलीवर वळवला.

"चूल कोणाची?"

"होती... एक बाई."

"दिली तिनं?"

तो 'हो' म्हणणार होता. तोंड उघडलं सुद्धा. शब्द आला नाही.

"कुठं असती ती?"

"वारली."

"ह्याच घरात?"

"नाही."

"मंग?"

"सातपूरला."

"आपलं घर असताना?"

पाऊस. टप... टप... बहिरूनं बॅटरीचा उजेड भिंतीकडं वळवला. 

म्हातारी म्हणाली, "बॅटरी बंद कर. मला दिसतंय."

आणि बहिरू थिजला.

इतका वेळ ती काय म्हणत होती? दाखवा. सांगा. हो जी, नाय जी. परक्या माणसाशी बोलतात तशी.

आता म्हणाली, बंद कर.

आवाज तोच. आता ओळखीचा. लहानपणी ओटीवरून हाक मारायचा, तो.

त्यानं बॅटरी विझवली. म्हणजे, विझवली की हातातून पडली, ते त्याला सांगता आलं नाही कधी. अंधार. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा.

"बहिरू."

त्यानं दाराची चौकट धरली.

"चुलीवर लिव्हलंस. जात्यावर लिव्हलंस. माझ्या तांब्यावर बी पाटी लावलीस."

"आत्या..."

"आता मी आले. माझ्यावर काय लिव्हशील?"

...

बहिरू म्हणायचा, ती ओरडली असती तर मी पळालो असतो. शाप दिला असता तर घेतला असता. पण ती विचारत होती. खरंच विचारत होती. लहान पोराला विचारावं, तशी.

तो खाली बसला. चाचपडत दोरी शोधली. गाठ हाताला लागली. नायलॉनची दोरी, ओली, गाठ करकचून बसलेली. सुटेना. त्यानंच बांधली होती.  नखं मोडली. शेवटी दातांनी ओढली.

सुटली.

"आत्या, आत जा. घर तुझं हाय. मी खोटं बोललो. काम झालं होतं तव्हाच. मी आलोच नाय. माझ्यानं... मला तोंड दाखवता आलं नाय."



त्याच्या शेजारून कोणीतरी गेलं. लुगड्याचा काठ हाताला लागला. गाठोडं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हातारी माणसं खाली बसतात ना, तेव्हा जो सुस्कारा सोडतात, तसा सुस्कारा. लांब.

मग आवाज आला. आता खालून. आडव्या झालेल्या माणसाचा.

"दार वढून घे. वारं लागतं."

त्यानं दार ओढून घेतलं. त्याच दाराला पाठ लावून बसला. अख्खी रात्र. पुन्हा शब्द नाही. फक्त टप... टप... टप... आणि तो पाऊस उजाडेपर्यंत.

सकाळी पहिला मी पोचलो. झेंडावंदनाची तयारी बघायला गेलेलो. बघतो तर बहिरू तसाच दाराला पाठ लावून. ओठ फाटलेला, नखांतून रक्त. मला वाटलं, चोर आले. त्यानं मला शेजारी बसवलं आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. एकदाही अडखळला नाही.

मग मंडळाची माणसं आली, पाहुणे आले, हार-तुरे झाले. पाहुणे आतल्या खोलीकडं निघाले तसा बहिरू दारात आडवा उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढली खोली बघा. आतली नाही. ती सगुणाआत्याची. मी शब्द दिला होता आणि मोडला. मी तिला खोटं सांगून घराबाहेर काढलं आणि ती वाट बघत मेली." वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. मंडळातला एक जण पुटपुटला, रात्री जास्त झालेली दिसते. बहिरूनं जन्मात थेंब घेतला नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. कोणी त्याला दारातून हलवू शकलं नाही. उद्घाटन झालं ते एकाच खोलीचं.

त्याच संध्याकाळी तो सातपूरला गेला. मी होतो बरोबर. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबला. रविराजसमोर उभा राहून सगळं बोलला. रविराजनं ऐकून घेतलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन आम्ही उतरलो. खाली आल्यावर बहिरू म्हणाला, "एक शिवी तरी द्यायला पाहिजे होती रे त्यानं."

पुढं त्यानं आंबेमळ्यातलं आपलं घर सोडलं. चांगलं बांधलेलं घर. मुलगी नामपूरला दिलेली आहे, तिच्याकडं असतो आता नवरा-बायको दोघं. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, "दुसऱ्याला घराबाहेर काढलं, आता आपल्या घरात झोप लागत नाय." मुलीच्या घरी लागते का, ते मी विचारलं नाही.

उद्या जाल तेव्हा बघाल. पुढल्या खोलीत मोट आहे, वीरगळ आहे, सगळं आहे. मधलं दार बंद असतं. त्याच्यावर पाटी नाही. कोणी विचारलं तर सांगतात, घरची खोली आहे.

काय म्हणतोस राज? मोठ्यानं बोल.

"आण्णा, खरीच कोणी यात्रेकरू बाई असेल. दमून आत झोपली असेल. बाकीचं बहिरूकाकांच्या मनातलं, तेच त्यांना ऐकू आलं."

असेल. शिकलेला माणूस असंच म्हणणार, आणि त्या सकाळी मीही हेच म्हणालो. म्हणालो, बहिरू, ऊठ. आत कोणी म्हातारी झोपली असेल, तिला चहा देऊ. आतल्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी आहे ती हातभर, तिला गज. आत गेलेलं माणूस आतच असणार. तो उठेना. मी त्याला धरून बाजूला केला आणि मंडळाची माणसं यायच्या आधी दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

चूल जागच्या जागी. जातं जागच्या जागी. गाठोडं नाही, काही नाही. रात्रभर गळून सगळ्या खोलीत पाणी. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मी चप्पल काढली तर पावलं बुडाली. चुलीची राख पाण्यावर तरंगत होती. मी बहिरूकडं वळणार, एवढ्यात चुलीजवळ दिसलं.

पाण्यात एवढी जागा मोकळी होती. कोणी पाणी अडवलं नव्हतं, खाली उंचवटा नव्हता, सपाट फरशी. पाणी तिथपर्यंत येऊन थांबलेलं. लहानखुऱ्या अंगाचं माणूस कुशीवर झोपलं, गुडघे पोटाशी घेतले, एक हात उशाला घेतला... तर जेवढी जागा लागेल, तेवढी. तशीच.

वर कौल फुटलेलं. बरोबर त्याच्यावर. आमच्या डोळ्यांदेखत थेंब सुटत होता. पडत होता. टप आवाज येत होता...

मी खाली बसलो. हात लावला.

फरशी कोरडी होती.

आणि... कोमट.